कारसिदीच्या दारासमोर हलणारे ओठ

रुकिनेमने उट्टं काढलं ते तोंडाने, आणि तेही एक शब्द न उच्चारता.

आमच्या वातुलेसुंग गावात भांडणं पुष्कळ झाली. कोयते निघाले, फुलावर आलेली लवंगांची झाडं तोडली गेली, एकाने तर सख्ख्या मेहुण्याच्या विहिरीत मेलेली कोंबडी टाकली. पण असं उट्टं मी दुसरं पाहिलं नाही. मी सुतार, नाव पारिजो. शाळेत चार इयत्ता बसलो, पुढचं लाकडाने शिकवलं. ओलं लाकूड घाईने कापलं तर वाकतं. वाळू दिलं तर मग मात्र त्यात खिळासुद्धा शिरत नाही. ही बाई वाळायला पंधरा वर्षं लागली.

तिच्या पायातला खोडा मी केला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणी म्हणायला नको, की पारिजोने दुसऱ्याचं उघडं केलं आणि आपलं झाकलं.

तेव्हा ती पंचविशीची होती. नवरा जुमादी सुमात्राला ताडतेलाच्या मळ्यावर गेला होता. वरून फळांचा घड पडला आणि जागच्या जागी गेला. बातमी आली तेव्हा रुकिनेमच्या मांडीवर वीस दिवसांचा मुलगा होता. महिन्याभरात तोही तापाने गेला. मग तिची झोप गेली, आणि झोपेमागोमाग ती गेली. विहिरीत वाकून कुणाशी तरी बोलायची. अंगावरचे कपडे फाडायची. एक दिवस चुलीतलं जळतं लाकूड घेऊन निघाली आणि थोरल्या दिराच्या, कारसिदीच्या, अंगणात वाळत घातलेल्या लवंगांच्या चटया तिने पेटवल्या. तिला वेड लागलं होतं यात खोटं नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.

कारसिदी आमच्या वाडीचा मुखिया. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला.

"पारिजो, फणसाचा ओंडका आहे ना तुझ्याकडे? दोन भोकं पाडून दे."

"केवढी?"

"घोट्याएवढी."

"कुणाच्या घोट्याएवढी?"

"तुला काय करायचंय? मापाला काटकी आणलीय."

मी भोकं पाडली. कानशीने कडा गुळगुळीत केल्या, तेवढीच माझी दया. अकरा महिने ती शेळ्यांच्या गोठ्यात त्या खोड्यात पाय अडकवून बसली. तिची चार वर्षांची वेनिंग कारसिदीच्या घरी गेली. कारसिदीच्या बायकोला, मुरतिनीला, मूलबाळ नव्हतं. तिने पोरीला नवे कपडे शिवले, केसांत फीत बांधली, आणि पोर तिला आई म्हणायला लागली.

मग आरोग्य केंद्रातली नर्स फटफटीवर बसून आली. ती सगळ्यांना ओरडली, मलाही ओरडली, आणि खोडा उघडायला लावला. गोळ्या सुरू झाल्या. गुलाबी गोळी दिवसातून तीनदा, तिचं नाव हॅलोपेरिडॉल. संध्याकाळी एक नारिंगी. आणि एक छोटी पांढरी, गुलाबी गोळीने अंग आखडू नये म्हणून. मी औषधाला नावं ठेवणार नाही. महिन्याभरात विहिरीतलं माणूस गप्प झालं. रुकिनेम अंघोळ करायला लागली, सोयाबीन शिजवायला लागली, ते आंबवून पूर्वीसारख्या तेंप्याच्या वड्या सागाच्या पानात बांधायला लागली. एक दिवस माझ्या दारात आली. आमच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं ती मला कांग म्हणायची.

"कांग, तेंपे ठेवायला फळ्या हव्यात. खोडा केलास तशा मजबूत कर."

मी मान खाली घातली. ती हसली नाही.

फळ्या झाल्या, तेंपे खपायला लागलं, आणि मग तिने लेक परत मागितली. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

आमच्याकडे वेड्या माणसाच्या गोळ्या त्याच्या हातात देत नाहीत, घरच्या कर्त्याच्या हातात देतात. जुमादी मेलेला, म्हणजे कर्ता कारसिदी. लेक मागितल्यापासून तो दर महिन्याला केंद्रात जायचा आणि लांब तोंड करून सांगायचा, "अजून ओरडते हो नर्सबाई. कालच मुरतिनीच्या अंगावर धावली." नर्सच्या वहीत गोळ्या वाढायच्या. घरी येऊन तो गुलाबी गोळ्या स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घालायचा. "गीळ. चांगलं असतं." आणि छोटी पांढरी गोळी, जिने अंग सैल राहायचं, ती मागच्या तळ्यात माशांना टाकायचा, हे मागून कळलं.

लाकूड म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. रुकिनेम लाकूड झाली. चालताना हात हलायचे नाहीत, पावलं घासत टाकायची, चेहऱ्यावरची माशी उडवायला तिला अर्धा दिवस लागायचा. हनुवटीवरून लाळ गळायची. वेनिंग शाळेतून येताना आईला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या बांधावरून जायची. रुकिनेम तोंड उघडायची, पण लेकीचं नाव जिभेपर्यंत यायच्या आत पोर वळणाआड गेलेली असायची. गावातली पोरं तिला लाकडी बाई म्हणायची. मोठी माणसं पोरांना रागवायची, आणि पाठ वळली की हसायची.

असं अकरा वर्षं चाललं.

मग केंद्रात नवीन नर्स आली, एस्ती नावाची. तिची सवय वेगळी. ती औषध द्यायच्या आधी माणूस बघायची. तिने रुकिनेमचं कोपर धरून हात वाकवून पाहिला. तो गंजलेल्या बिजागरीसारखा टप्प्याटप्प्याने वाकला.

"पांढरी छोटी गोळी घेत नाहीस का गं?"

रुकिनेमला बोलायला वेळ लागला. "पांढरी... कुठली?"

"दर महिन्याला देतो की! अकरा वर्षं वहीत लिहिलीय."

रुकिनेमने वळून कारसिदीकडे पाहिलं. वळायला तिला सबंध अंग फिरवावं लागलं, मानेने एकटीने वळायचं सोडलं होतं. कारसिदी भिंतीवरचं डासांचं चित्र बघत होता. साप जसा डूख धरतो तसा तिने त्या क्षणी डूख धरला, हे मला तिनेच पुढे सांगितलं.

त्या दिवसापासून एस्तीने गोळ्या रुकिनेमच्या हातात दिल्या. पांढरी सुरू झाली तशी महिन्या-दोन महिन्यांत बाई मोकळी झाली. हात हलायला लागले, लाळ थांबली, बोलणं सरळ आलं. पण अंग सुटलं आणि तोंड अडकलं. ओठ आपोआप हलायला लागले. पुटपुटल्यासारखे, चघळल्यासारखे, मध्येच जिभेचं टोक बाहेर येऊन आत जायचं. तिला थांबवता येईना. एस्ती म्हणाली, ही जुनी गोळी वर्षानुवर्षं जास्त खाल्ली की असं होतं, आता ती हळूहळू कमी करून बदलावी लागेल, जिल्ह्याच्या डॉक्टरांना विचारते.

एस्तीला हे कळत होतं. गावाला जे कळायचं ते कळलं.

रुकिनेम तेंप्याची टोपली घेऊन सकाळी फिरायची आणि दमली की कारसिदीच्या फाटकासमोर सावरीच्या झाडाखाली टेकायची. सावली तिथलीच चांगली, दुसरं कारण नव्हतं. त्याच आठवड्यात कारसिदीच्या दोन शेळ्या कडू कसाव्याचा पाला खाऊन मेल्या. चार दिवसांनी मुरतिनी न्हाणीत घसरली. कॉफीच्या टपरीवर बायका बसल्या होत्या, मी बाकाचा पाय ठोकत होतो.

"अगं बघ, ओठ बघ तिचे."

"काहीतरी चघळत असेल."

"काय चघळणार? पान खात नाही, सुपारी खात नाही. तोंड रिकामं आहे."

"मग?"

"मग काय, मंत्र. आमचा आजा अस्साच पुटपुटायचा. आवाज नाही, नुसते ओठ."

"बाई गं! कुणावर?"

"तोंड कुणाच्या दाराकडे आहे ते बघ की, बावळट!"

मी ते जाऊन रुकिनेमला सांगितलं. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं. तिने भिजलेलं सोयाबीन पायाखाली तुडवणं थांबवलं.

"कारसिदी पण असंच म्हणतो?"

"तो तर खिडक्या लावून बसतो. पाचावर धारण बसलीय त्याची."

ती पुन्हा सोयाबीन तुडवायला लागली, पण सावकाश, चव घेत घेत.

दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम बसायला लागली. रोज, तेंपे विकून झालं की, सावरीखाली, दाराकडे तोंड करून. ना शिवी, ना शाप. नुसती बसायची आणि तोंड आपलं काम करायचं. अडीच वर्षं! कारसिदीने जावयाच्या मानाने मांत्रिक आणला. मांत्रिकाने चार कोपऱ्यांत काहीबाही पुरलं, सावरीमागे लपून तिचे ओठ बघितले, आणि घाम पुसत परत आला. "ओठ दिसतात, शब्द ऐकू येत नाही. ऐकल्याशिवाय तोड कशी देऊ? फार जुना मंत्र आहे." कारसिदीचे गाल बसले. अन्न उतरेना. आणि रुकिनेमच्या तेंप्याचा भाव करायची गावात कुणाची छाती राहिली नाही.

मग वेनिंगचं लग्न ठरलं. पोर एकोणीस वर्षांची, नवरा मुलगा शेजारच्या खोऱ्यातला, चांगला. पत्रिकेवर आईबापाच्या जागी कारसिदी आणि मुरतिनी. रुकिनेमचं नाव कुठेच नव्हतं. आमच्याकडे निकाह झाल्यावर नवरी खुर्च्यांवर बसलेल्या आईबापासमोर गुडघे टेकते, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवते, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणते. जन्मात एकदाच. त्या दोन खुर्च्या ज्यांच्या, मूल त्यांचं. मग कागद काहीही म्हणू दे.

"मला ती खुर्ची हवी, कांग," रुकिनेम मला म्हणाली. "माझ्या गुडघ्यावर तिचं डोकं हवं. आणि त्याच्या गुडघ्यावर नको."

नेमकं तेव्हाच एस्ती सांगत आली, की डॉक्टरांनी गुलाबी गोळी निम्मी केली आहे, जुनी पाकिटं परत दे, आणि येत्या गावसभेत मी सगळ्यांना समजावून सांगणार आहे की हा मंत्र नाही, औषधाचा त्रास आहे.

"लग्न होऊ दे," रुकिनेम म्हणाली. "मग सांग."

"लोक तुला घाबरतात, हे बरं दिसतं का?"

"अकरा वर्षं हसले. घाबरलेले जास्त बरे दिसतात."

जुनी पाकिटं तिने परत दिली नाहीत. हरवली म्हणाली.

लग्नाला आठ दिवस असताना कारसिदी आला. काखेत कोंबडा, हातात नवं लुगडं. मी तिथेच फळ्या दुरुस्त करत होतो. तो उंबऱ्यापाशी थांबला, आत पाऊल टाकायचं धाडस होईना.

"रुकिनेम, काढून घे गं तो."

तिचे ओठ हलत राहिले. त्याचे डोळे त्या ओठांवरून निघेनात.

"शेळ्या गेल्या. मुरतिनीची कंबर गेली. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. काय हवं ते माग."

"खुर्ची."

"दिली. मुरतिनी उठेल. तू बस माझ्या शेजारी."

"बसते." तिने मागच्या टोपलीतून गुलाबी गोळ्यांची पाकिटं काढून चटईवर ठेवली. "आणि तू मला जे चारलंस ते तू खायचं. सात दिवस, दिवसातून तीनदा. इथे येऊन, माझ्या डोळ्यांदेखत."

"हे... हे वेड्यांचं औषध आहे."

"मग भितोस कशाला? औषधच आहे ना? गीळ. चांगलं असतं."

कारसिदीने माझ्याकडे पाहिलं. मी रंध्याकडे पाहिलं. त्याने गोळी जिभेवर ठेवली. रुकिनेमने करवंटीत पाणी दिलं आणि त्याचं तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं. तिच्या जिभेखाली तो बघायचा तसंच.

तो गेल्यावर मी म्हणालो, "म्हातारा माणूस आहे गं. मरेल."

"मी मेले का?"

हे मी एस्तीला जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझ्या हातांनी त्या बाईचे घोटे अडकवले होते. मला वाटलं, एवढं तिचं देणं लागतो. ते बरोबर होतं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कारसिदीचा हात कापायला लागला. चौथ्या दिवशी हनुवटी ओली. पाचव्या दिवशी त्याचे पाय त्याचे राहिले नाहीत. बसला की उठावंसं वाटायचं, उठला की चालावंसं, चालला तरी चैन नाही, जणू हाडांच्या आत कुणी खाजवतंय. मुरतिनी रडायची, "अहो, केंद्रात चला." तो तिला गप्प करायचा. सात दिवस पुरे झाले नाहीत तर मंत्र उलटेल ही भीती.

लग्नाच्या सकाळी मांडवात दोन कोरीव खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्याच हातच्या, सागाच्या. रुकिनेम लांब बाह्यांचा स्वच्छ जांभळा केबाया घालून, केस घट्ट बांधून आली आणि एकीवर बसली. कुजबुज झाली, पण अडवायला कुणी पुढे आलं नाही. निकाहाचे शब्द कारसिदीने बोलायचे होते. त्याची जीभ जाड झालेली, पहिलाच शब्द लाळेत बुडाला. शेवटी त्याने मान हलवली आणि काझीने त्याच्या वतीने लेक दिली.

मग गुडघे टेकायची वेळ आली. कारसिदी खुर्चीवर बसला. उठला. बसला. जागच्या जागी पाय आपटायला लागला.

"मुखियाला मुंग्या चावल्या का रे?"

"पारिजो, खुर्चीत खिळा राहिला का तुझा?"

"नाचतोय बघ! पोरीच्या लग्नाचा आनंद!"

ज्या माणसासमोर गाव पंचवीस वर्षं उभं राहून बोललं, त्याला बघून गाव तोंडावर हात धरून हसत होतं. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात गच्च धरले, कपाळावरून घाम गळाला, आणि अखेर तो उठला तो मांडवाबाहेर गेला आणि आंब्याभोवती फेऱ्या मारायला लागला. गोल, गोल. खुर्ची रिकामी. रुकिनेम ताठ बसली होती. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही; त्यापेक्षा ते जुनं होतं.

आणि वेनिंग समोर आली. गुडघे टेकले, हात जोडले, पण डोकं खाली जाईना. मी तिच्या गुडघ्याखालची उशी धरायला शेजारी होतो, म्हणून मला ऐकू आलं. पोर हळूच म्हणाली.

"मला नको मंत्र घालूस. मी काही केलं नाही."

रुकिनेमचा चेहरा उतरलेला मी तेवढा एकदाच पाहिला. खुर्ची मिळाली, गुडघे मिळाले, समोरची लेक मात्र तिला कारसिदीइतकीच भीत होती. आग शेजारच्या चटयांना लावावी आणि वारा घराकडे वळावा, तसं झालं. मोठ्याने खरं सांगितलं असतं तर लेकीची भीती तिथल्या तिथे गेली असती. पण मग आंब्याखालच्या माणसाचीही गेली असती. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग वाकली आणि लेकीच्या कानाला तोंड लावलं.

काय बोलली ते वेनिंगने मला पुढे सांगितलं. "मंत्र नाही गं, बाळा. त्याने चारलेल्या गोळ्यांनी ओठ हलतात. मला थांबवता येत नाहीत. तुला रस्त्यात हाक मारायचे, पण जीभ पोचायच्या आत तू जायचीस." आणि मग, "त्याला मात्र सांगू नकोस."

वेनिंगचं डोकं आईच्या गुडघ्यावर आलं ते कितीतरी वेळ उठलं नाही. काझी खाकरला, नवरा मुलगा अवघडला, वाजंत्री वाद्यं धरून थांबले.

आंब्याखाली कारसिदीच्या फेऱ्या थांबल्या होत्या. त्याने एवढंच पाहिलं होतं की ते हलते ओठ पोरीच्या कानाला लागले आणि पोर वाकली. तो ओरडला, जाड जिभेने, पण सगळ्यांना कळेल असं: "पोरीला दिला! मंत्र पोरीला दिला!"

एस्तीला बोलावून आणलं. तिने त्याचं कोपर वाकवून पाहिलं, डोळे पाहिले, आणि न विचारता ओळखलं. सुई टोचली, तासाभरात त्याचे पाय शांत झाले. मग ती रुकिनेमवर कडाडली. "म्हाताऱ्याला विष चारलंस?"

"मला चारलं तेव्हा औषध होतं," रुकिनेम म्हणाली. "त्याच्या पोटात गेलं की विष झालं?"

एस्तीने उरलेली पाकिटं मोजून नेली. गावसभेत तिने सगळं नीट समजावलं, चित्रं काढून. गावाने माना डोलावल्या, आणि बाहेर पडताना टपरीवाली म्हणाली, "शिकलेली आहे बिचारी, तिला मंत्रातलं काय कळणार." रुकिनेमची गोळी बदलली आहे. ओठ आता थोडे मंद हलतात, पण थांबलेले नाहीत, आणि थांबतील असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. विहिरीतलं माणूस परत आलेलं नाही. वेनिंग आठवड्यातून दोनदा येते आणि आईबरोबर सोयाबीन तुडवते. कारसिदी समोर दिसला की पोर आपले ओठ हलवते. मी तिला रागावलो एकदा. आई म्हणाली, "राहू दे, कांग. तिचंही काही देणं आहे."

गेल्या महिन्यात कारसिदीने मला बोलावलं. पुढच्या दाराने जायचं त्याने सोडलं आहे. मागच्या भिंतीत नवा दरवाजा हवा होता. मी माप घेतलं आणि परतताना सावरीखाली, रोजच्या जागी बसलेल्या रुकिनेमशेजारी टेकलो.

"किती उंच करतोयस?" रुकिनेमने विचारलं.

"जेमतेम. थोडं वाकावं लागेल."

तिने दाराकडे पाहिलं.

"अजून चार बोटं कमी कर."

मी केली.